दोष पायाचा नव्हता, हिराजी

हिराजी, काल तुझं बारावं झालं. जेवणं उरकली, पानाचं तबक फिरलं आणि टॅक्सी स्टँडवरची सगळी मंडळी तुझ्या ओट्यावर बसली. अण्णा टांगेवाले तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले. तू असतास तर पहिल्याच वाक्याला काठी उचलून चालता झाला असतास. "बिचारा हिराजी," अशी त्यांनी सुरुवात केली.

बिचारा! अण्णांना वय आहे, मान आहे, म्हणून मी दात आवळून बसलो. पुढे म्हणाले, "डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. चढावर गाडी ओढवेचना त्याच्याच्यानं. पायच नाही तर माणूस करणार काय? पण तिसऱ्या खेपेला देवानं हात दिला." सगळ्यांनी माना हलवल्या. दोघातिघांनी डोळेसुद्धा पुसले. माझी मान हलली नाही, पण मी तोंडही उघडलं नाही. सहा वर्षं गप्प राहिलेला माणूस एका दुपारीत बोलका थोडाच होतो?

देवानं हात दिला नव्हता, हिराजी. तेल बदललं होतं, आणि ते मी बदललं होतं. त्याआधी जे घातलं होतं, तेही मीच.

म्हणून आज गॅरेज बंद ठेवून हा कागद लिहायला बसलोय. सांगतोय तुला, पण ऐकायचंय सगळ्या स्टँडनं. लिहून झालं की स्टँडच्या फळ्यावर चिकटवणार आहे. कल्याणात माझ्याकडे गाडी आणायची की नाही हे मग ज्याचं त्यानं ठरवावं.

सुरुवातीपासून सांगतो, कारण स्टँडवरच्या नव्या पोरांनी तुला टॅक्सीच्या चाकामागेच पाहिलंय. त्याआधी तू मिठाची लॉरी चालवायचास. खाडीकाठच्या तुमच्या मिठागरातून मीठ भरायचं आणि कल्याणच्या बाजारात सगळ्यांच्या आधी उतरवायचं. तुझ्या पुढे लॉरी गेलेली तुला खपायची नाही. मग एकदा उतारावर उभी केलेली लॉरी सुटली. चाकाखाली दगड सारायला तू धावलास आणि दगडाऐवजी पायच गेला. दवाखान्यातून लाकडी पाय घेऊन आलास तेव्हा मी भेटायला गेलो. तू मला एवढंच विचारलंस, "मेस्त्री, क्लच दाबायला मानूस ठेवता येतो का रं?" मी हसलो. तू हसला नव्हतास.

पुढची अडीच वर्षं तू ओट्यावर बसून काढलीस. चांगुणावहिनी मिठागरावर टोपल्या वाहायची आणि तू घरी बसून दोऱ्या वळायचास. तुझ्यासारख्या माणसाला दोऱ्या वळताना बघवत नसे, म्हणून मी वाट वाकडी करून जायचो. हेही आज कबूल करून टाकतो.

मग ती गाडी आली. ठाण्याच्या एका गिरणीतला गोरा साहेब मायदेशी चालला होता आणि त्याची अमेरिकन गाडी कोणी घ्यायला तयार नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, आत वाकून बघायचं, पायाशी क्लच नाही म्हटल्यावर परत जायचं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, "हिच्या पोटात काय बिघडलं तर ब्रह्मदेवालासुद्धा उघडता यायची नाही." मी तुला सहज सांगायला आलो, की बाबा, अशी एक विचित्र गाडी आहे, तिला दोनच पेडल. तू दोरी खाली ठेवलीस. म्हणालास, "दोनच? मंग एका पायाचा मानूस आनि दोन पेडल, इशेब जमला."

तुझ्या भावकीनं केवढा कल्ला केला! लंगड्यानं घरात मोटार आणली म्हणजे घर बुडालं, असं म्हणाले. स्टँडवर तर तिचं नावच पडलं, पाळणा. "गियर नाही ती गाडी कसली, बसा नि झोका घ्या." तू सगळ्यांना एकच उत्तर द्यायचास, "पालना तं पालना. आवो, पयले पकडा तं खरी."

पकडण्यासारखी ती नव्हती सुरुवातीला. गियरची दांडी स्टिअरिंगच्या चाकामागे, तिच्यावर अक्षरं. साहेबाच्या पुस्तकात लिहिलेलं, दांडी 'डी'वर टाका आणि निवांत चला. आणि ती निवांतच चालायची! 'डी'वर टाकून रेस दिली की इंजिन भुंकायचं आणि गाडी मागून सावकाश निघायची. तिसऱ्या दिवशी तू दांडी आणखी एक घर ओढून 'एल'वर टाकलीस. ते घर चढासाठी आहे, नेहमी वापरू नका, असं पुस्तकात स्पष्ट होतं. तू पुस्तक वाचलं नव्हतंस, हे बरंच झालं. 'एल'वर तिनं अशी उडी घेतली की माझी टोपी मागच्या सीटवर गेली.

तेव्हापासून तुझं नि माझं भांडण सुरू झालं. जागच्या जागेवरून ती जास्तीत जास्त जोरात कशी सुटेल?

आपल्याकडे घड्याळ नव्हतं. घड्याळ म्हणजे चांगुणावहिनी. मिठागरावर टोपल्या मोजायचं काम तिनं लहानपणापासून केलेलं. तिची मोजणी घाण्याच्या बैलासारखी, न थांबता न धावता. मुंब्र्याच्या डोंगराखाली जो चढ आहे, तिथे मैलाच्या दगडापाशी गाडी उभी करायची आणि वरच्या चिंचेपर्यंत मारायची. वहिनी मागे बसून मोजायची, "लाभ, दोन, तीन, चार..." पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. तो रिवाज तिनं गाडीतही सोडला नाही.

माझं म्हणणं, डाव्या पायानं ब्रेक दाबून धरायचा, उजव्यानं रेस चढवायची, आणि इंजिन चांगलं तापलं की ब्रेक सोडायचा. "पण डावा तं लाकराचा," तू म्हणालास. मी म्हटलं, हँडब्रेक लाव. ऐकून तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला माझंच बोलणं मूर्खपणाचं वाटलं. "बैलाला दाव्याला बांधून चाबूक मारशील? आधी दावं सोर, मंग हाक मार." तुझी रीत साधी होती. दांडी 'एल'वर. रेसवर पाय आधी हलका, चाकं खडीवर फिरून वाया जाऊ नयेत एवढाच. एकदा गाडी निघाली की पाय पार तळाला. इंजिन रडकुंडीला आलं, काटा चाळिसाच्या आसपास पोचला, की दांडी 'डी'वर. ब्रेकच्या बाबतीत मी हार मानली. माझ्या रीतीनं गाडी जागेवर तापायची, सुटायची नाही.

पण दांडी 'डी'वर टाकताना क्षणभर रेसवरचा पाय उचलायचा की नाही, यावर मी हटलो नाही. उचलायचाच! गियरबॉक्सच्या आत पट्टे आहेत, ते घासतात, हिसका बसतो. यंत्राला श्वास घ्यायला जागा द्यावी. तू म्हणायचास, "मधीच पाय उचलला का गारी इचारते, मालक, जायाचाय का र्‍हायाचाय? तिला असा इचारायला लावू नये." यावर आपण सहा वर्षं भांडलो. चहावर भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो, एकदा तर तुझ्या सासऱ्याच्या मयतीला स्मशानात भांडलो आणि लोकांनी आपल्याला बाहेर काढलं.

आता माझं तेल.

पायाबरोबर तुझं लॉरीचं लायसनही गेलं होतं, म्हणून परीक्षा नव्यानं द्यायची होती. तिच्या तीन आठवडे आधी गाडीच्या गियरबॉक्सखाली डाग पडायला लागले. झिरपत होतं. मी सील बदललं आणि जितकं गेलं होतं तितकं तेल भरलं. कोणतं भरलं? जे मी अठरा वर्षं प्रत्येक गियरबॉक्समध्ये भरत आलो तेच, घट्ट, काळपट, मधासारखी धार लागणारं. गियर तिथे गियरचं तेल, यात विचार कसला करायचा? पुस्तक समोर फळीवर होतं. इंग्रजी होतं आणि मी मॅट्रिक आहे, मला वाचता येत होतं, म्हणजे तीही सबब नाही. या गाडीत इंजिनाचा जोर चाकांपर्यंत तेलच नेतं, ते पातळ असलं तरच फिरतं, हे त्या पुस्तकाच्या सातव्या पानावर चित्रासकट आहे. मी ते पान तेव्हा उघडलंच नाही. घट्ट तेल म्हणजे टिकाऊ काम, असा माझा रुबाब.

परीक्षा त्याच चढावर झाली, मी नि वहिनी मागच्या सीटवर. ठाण्याहून परीक्षा घ्यायला आलेले साहेब सरळ माणूस होते, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. ते म्हणाले, "एका पायानं चालवता म्हणता, तर चढावर मधेच थांबा आणि पुन्हा सुटा. मागून लॉरी आली तर तिच्या वाटेतून निघता आलं पाहिजे." तू मैलाच्या दगडापाशी थांबलास. सुटायला गेलास. 'एल'वर टाकलंस, रेस तळाला. इंजिन ओरडतंय आणि गाडी रांगतेय. एरवी वहिनीच्या अकराला चिंच यायची, त्या दिवशी मोजणी सतराच्या पुढे गेली. साहेब म्हणाले, "गाडी सरकते, सुटत नाही. पायाचा जोर पडत नाही तुमच्या."

दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा तेच. त्या वेळी त्यांनी कागदावर लिहून दिलं, डाव्या पायाअभावी असमर्थ. आणखी एकदा बसता येईल, पण ती शेवटची संधी.

आणि मी काय केलं? गाडीत खोट असेल ही शंका मला शिवलीसुद्धा नाही, कारण गाडी मी बघितली होती ना! परत येताना चाक माझ्या हातात होतं, तू बाजूला बसला होतास. मी म्हणालो, "हिराजी, राग मानू नकोस. तुझा उजवा पायही आता घाबरलाय."

नंतर मला वहिनीकडून कळलं की तू रोज सकाळी अंगणात पाटावर बसून उजवा पाय विटेवर दाबायचास. शंभरदा, दोनशेदा. अण्णा म्हणतात ना बिचारा, तो तू एवढ्यापुरता होतास, हिराजी, आणि तुला तसं करणारा मी होतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तू आपल्या चांगल्या पायावर शंका घेतलीस.

विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांच्या कॅम्पात एक सिंधी दुकानदार मुंबईहून गाड्यांचा माल आणायचा. त्याच्याकडे मी तेच घट्ट तेल मागायला गेलो. कोणत्या गाडीसाठी म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितल्यावर तो डोक्याला हात लावून हसला. "अरे साईं, उसमें तो पानी जैसा पतला पड़ता है, लालवाला. ये डालोगे तो गाड़ी लंगड़ी हो जाएगी." लंगडी! नेमका तोच शब्द. गॅरेजात येऊन पुस्तकाचं सातवं पान उघडलं आणि चित्रासकट वाचून काढलं.

तुला सांगायची ती वेळ होती. मी लाल तेल आणलं, जुनं सगळं काढलं, दोनदा धुऊन काढलं. तू शेजारी स्टुलावर बसून बघत होतास. विचारलंस, "काय केला?" मी म्हणालो, "दांडीची जोडणी ढिली झाली होती, आवळली." खालच्या डब्यात ते काळं तेल थेंबथेंब पडत होतं आणि मी तुझ्याकडे न बघता बोल्ट पुसत होतो. तू वाकून डब्यात बोट घातलंस. दोन बोटांत चोळलंस, वास घेतलास. "ह्यो डबा मना दे," म्हणालास. "चामर्‍याला बरा." मी सुटलो असं मला वाटलं. डबा तुझ्या हातात दिला आणि वर झाकणही लावून दिलं.

तिसऱ्या परीक्षेला तू 'एल'वर टाकलंस आणि साहेबांनी दोन्ही हातांनी दार धरलं. वहिनीचं दहा म्हणून व्हायच्या आत चिंच मागे पडली. पाय काही तू उचलला नाहीस. साहेब म्हणाले, "अहो, लायसन मोटारीचं मागताय की विमानाचं?" आणि सही करताना कागदावरची आधीची ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. ती त्यांनी खोडली, पण लोकांच्या तोंडातून ती गेली नाही, हे काल कळलं.

त्यानंतरची तुझी वर्षं सगळ्यांनी पाहिलीत. डोंबिवलीच्या रेल्वे फाटकात एका कंत्राटदाराचा ड्रायव्हर, नवीकोरी क्लचची गाडी घेऊन, तुला म्हणाला होता, "पाळण्यात बाळ निजलंय का?" फाटक उघडलं. त्याचा पहिला गियर पडेपर्यंत तू रुळांपलीकडे जाऊन थांबला होतास, त्याला रस्ता दाखवायला. दिवा स्टेशनच्या बाजूच्या गावांतून अडलेल्या बाळंतिणी तू आणल्यास, आणि एकीनं पोराचं नाव हिराजी ठेवलं तेव्हा तू दोन दिवस स्टँडवर कोणाशी धड बोलला नाहीस, इतका फुगला होतास. तो माणूस बिचारा? अण्णा, तुमचा टांगा एकदा तरी त्याच्यापुढे गेला होता का, ते आधी सांगा.

मग ही कावीळ. डोळे हळदीसारखे झालेले, तरी मी दवाखान्यात आलो की तू आधी गाडीचं विचारायचास. "मेस्त्री, चालू करून ठेव, ब्याटरी उतरंल. आनि पाय उचलू नको." मी म्हणालो, उचलणार. तू म्हणालास, "बरा होऊन येतंव, मंग दावतंव तुला." त्याच वेळी सांगायला हवं होतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी मोसंबी सोलत बसलो.

आज सकाळी आधी चांगुणावहिनीकडे गेलो. फळ्यावर लावण्याआधी तिला सांगणं भाग होतं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्या सगळं बोललो, तेल, पुस्तक, डबा, घाबरलेला पाय. सहा वर्षांचं एका दमात. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवून आत गेली आणि तुझा लाकडी पाय आणि तो डबा घेऊन आली.

"त्याला तवाच कलला व्हता," ती म्हणाली. "डबा घेऊन आला नि मना बोलला, दोष पायाचा नाय गो, तेलाचा. लई हसला. मंग लई रडला."

मी विचारलं, "मग मला का नाही बोलला?"

"मी बी बोलली, इचार त्याला. तं बोलतो, मी इचारला तं मेस्त्रीची मान खाली जाईल. तो आपून सांगंल. दर दिवालीला बोलायचा, यंदा सांगंल बघ."

सहा दिवाळ्या, हिराजी. दरवेळी मी तुझ्या घरी फराळाला यायचो, करंज्या खायचो, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत असायचास. मला वाटायचं, पायाच्या वादाचं उत्तर शोधतोयस.

"राग नाही आला त्याला?" मी विचारलं.

"आला ना. म्हनून तं तुमच्याशी पाय उचलायच्यावरना भांडायचा."

तिनं लाकडी पायाचे चामडी पट्टे माझ्या हातात दिले. लोण्यासारखे मऊ. डब्यात तळाला दोन बोटं तेल उरलंय. माझी चूक तू रोज सकाळी पायाला चोळून घराबाहेर पडत होतास, आणि मला पायावरून शिव्या घालत होतास. तुला माफ करायचं होतं तर तोंडावर करायचंस. मारायचं होतं तर काठी होती. असं सहा वर्षं वाट बघणं कोणी सांगितलं होतं तुला? मला तुझा राग आलाय. माझा तर आलाच आहे, पण तुझाही आलाय.

वहिनी म्हणाली, "गारी बारा दिस उभी हाय. चला." तुझ्या भावांनी ती भंगारात काढायचं ठरवलंय. वहिनीनं त्यांना काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मागच्या सीटवर, आपल्या जागेवर बसली. मुंब्र्याच्या चढाला मैलाच्या दगडापाशी मी गाडी उभी केली. दांडी 'एल'वर. ब्रेक सोडला, पाय आधी हलका, मग तळाला. मागून आवाज आला, "लाभ, दोन, तीन..." तिचा आवाज चारवर चिरला, पण मोजणी चुकली नाही. सात झाले, इंजिन रडकुंडीला आलं, माझा हात दांडीवर गेला आणि चोवीस वर्षांच्या सवयीनं माझा पाय उचलायला लागला.

"मेस्त्री," मागून वहिनी म्हणाली, "जायाचाय का र्‍हायाचाय?"

दुपार झाली आहे. हा कागद संध्याकाळी फळ्यावर लागेल, खाली माझी सही असेल आणि अण्णांना मी तो स्वतः मोठ्यानं वाचून दाखवीन. तेलाचा दोष माझा, पुरता कबूल. पायाचा वाद मात्र मी सोडलेला नाही. पट्टे घासतात, पाय उचलायलाच हवा, हे मी तुझ्या तोंडावरही म्हणेन.

आज तेवढा उचलला नाही.